व्हॅम्पायर होण्यासाठी चावा लागतोच का?

व्हॅम्पायरने चावा घेतल्यावरच माणूस व्हॅम्पायर होतो का आणि भयकथेसाठी कोणता नियम धरावा, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. लोकसमजुतींत चाव्याला जे स्थान होते त्याच्या कितीतरी पट मान त्याला कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी मिळवून दिला.

बाल्कन प्रदेश, रुमानिया आणि ग्रीस येथील जुन्या समजुती पाहिल्या, तर मेलेला माणूस उठतो तो बहुधा त्याच्या जन्मात, मरणात किंवा मरणानंतरच्या विधींत काही बिघडले म्हणून. आत्महत्या केलेला, बाप्तिस्म्यावाचून गेलेला, चर्चने बहिष्कृत केलेला, डोक्यावर गर्भाचे आवरण घेऊन जन्मलेला, असे सगळेच संशयित असत. घरात ठेवलेल्या प्रेतावरून मांजराने उडी मारली, तरी तेवढे पुरेसे होते. बाल्कनमधील रोमा म्हणजे जिप्सी लोकांत तर फार दिवस ठेवलेला भोपळा किंवा कलिंगडही व्हॅम्पायर होते, अशी समजूत नोंदवलेली आहे.

यातील मांजराशी माझे जुने नाते आहे. गिरगावातील आमच्या चाळीच्या गणेशोत्सवासाठी मी एक एकांकिका लिहिली होती. सर्बियातील एका खेड्यात म्हाताऱ्याचे प्रेत घरात ठेवलेले आहे, रात्रभर जागायची जबाबदारी मुलाची आहे, त्याचा डोळा लागतो आणि पांढऱ्या चादरीवरून मांजराची सावली सरकते, एवढाच तिचा गाभा होता. तालमीच्या वेळी गॅलरीत बसणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या एका आजींनी सगळे पाहून मला एकच विचारले, "त्याच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता का रे?" सर्बिया कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, परंतु मेलेला परत का येतो हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्यांच्या गावी मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते, त्यांना चाव्याचे काय कौतुक?

दिग्दर्शन माझ्या आतेभावाकडे होते. मांजराला कोण घाबरणार, असे म्हणून त्याने माझा प्रवेश कापला, क्रॉफर्ड मार्केटातून प्लॅस्टिकचे दात आणले आणि म्हाताऱ्याला सुनेच्या मानेचा चावा घ्यायला लावला. पुढच्या सतरंजीवरची मुले खदाखदा हसली, मागून शिट्ट्या आल्या, आणि दादा आजही घरच्या प्रत्येक लग्नात सांगतो की चाव्यामुळे नाटक तरले. मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो की चाव्यामुळे झोपलेला मुलगा सुटला. लोककथेत मेलेला उठतो तेव्हा जिवंतांपैकी कोणाच्या तरी हातून काहीतरी राहून गेलेले असते आणि ती बोच घरातच राहते. चावा आला की सगळा दोष बाहेरून आलेल्या परक्यावर जातो आणि घरचे हात झटकून मोकळे होतात.

साहित्याचा हवाला देणाऱ्यांनी तरी मूळ पुस्तक वाचावे. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत ल्यूसी ही तरुणी वारंवार रक्त शोषले जाऊन मरते आणि मग उठते, तिची मैत्रीण मीना हिला तर व्हॅम्पायर असलेला काउंट ड्रॅक्युला स्वतःच्या छातीतले रक्त पाजतो. पण खुद्द ड्रॅक्युलाला कोणी चावल्याचा तिथे उल्लेख नाही. त्याच्या घराण्यातील लोक सैतानाच्या शाळेत विद्या शिकले, एवढेच त्याच्या मागावर असलेला प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग सांगतो. पुढे प्रत्येकाने आपापला नियम केला: 1954 साली रिचर्ड मॅथिसन यांनी व्हॅम्पायर होण्याचे कारण म्हणून जिवाणू आणले, तर 1976 साली अ‍ॅन राइस यांनी आधी मरणाच्या दारापर्यंत रक्त शोषायचे आणि मग आपले रक्त पाजायचे, अशी दीक्षाच ठरवून दिली.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे, नाहीतर दादा ती शोधून काढील. संसर्गाची कल्पना निव्वळ कादंबरीकारांची नाही. ऑस्ट्रियाच्या लष्करी शल्यवैद्याने 1732 साली सर्बियातील मेद्वेजा गावाबद्दल लिहिलेल्या अहवालात, व्हॅम्पायरने छळून मारलेले लोक स्वतः व्हॅम्पायर होतात, असे गावकऱ्यांचे म्हणणे आहे. मात्र त्याच अहवालानुसार व्हॅम्पायरने रक्त शोषलेल्या गुरांचे मांस खाल्ले तरी तोच धोका होता. शिवाय ज्याच्यापासून हे सारे सुरू झाले तो आर्नोल्ड पाओले व्हॅम्पायरच्या त्रासातून सुटण्यासाठी त्याच्या थडग्याची माती खाऊन आणि अंगाला त्याचे रक्त फासून बसला होता, आणि अखेर गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. म्हणजे संसर्ग होता, पण तो मानेवरच्या दोन टोचांपुरता नव्हता.

आपल्या कथेत चावा ठेवायचाच असेल, तर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मृत्यूसाठी राखून ठेवा. पहिला मेलेला का उठला याचे उत्तर घरातल्याच एका माणसाला ठाऊक असू द्या. तो त्या रात्री जागा होता की झोपला होता, हे त्याने पोलिसांना एक आणि आईला दुसरेच सांगितलेले असू द्या, आणि कोणाचेही दडपण आले तरी तो प्रवेश कापू देऊ नका.