ब्रशच्या तारेनं फ्युएल रॉड फुटते का?

प्रश्न : नमस्कार ताई. माझा पुतण्या एका अणुवीज केंद्रात ठेक्यावर फिटर हाय. दुरुस्तीच्या टायमाले तारेच्या ब्रशची एक बारीक तार हरवली त सायबानं आख्खं काम थांबवलं, म्हणे रॉड फुटन. एवढ्याशा तारेनं? अन् हजारो रॉडमधून फुटलेला कोणता हे कसं कळते? आमच्या चंद्रपूरच्या थर्मलमध्ये ट्यूब लीक झाली की युनिट बंद करून माणूस आत जाते, इथं त तेही नाई.
– एक वाचक, ता. वणी

उत्तर : भाऊ, साहेबाचं बरोबरच आहे. फ्युएल रॉड म्हणजे झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आत युरेनियम ऑक्साईडच्या गोळ्या. तार पाण्यासोबत वाहत आली अन् रॉडमध्ये अडकली की पाण्याच्या जोरानं तिथंच थरथरते, घासते, घासत राहते, आणि कधीतरी नळीला भोक पडतं. वेल्डिंगचा दोष, नळीत राहिलेला ओलावा, पॉवर झटकन वाढवल्यावर गोळी फुगून नळीला दाबणं, हीसुद्धा कारणं आहेतच. आणि फुटणं म्हणजे स्फोट नाही हो, आतला वायू रिॲक्टरमध्येच फिरत राहणाऱ्या बंद लूपच्या पाण्यात झिरपतो, बस.

आता शोध कसा लागतो, तर खरी मजा इथं आहे. युरेनियमचे अणू फुटताना रॉडच्या आत किरणोत्सारी आयोडीन अन् सीझियम तयार होतं, भोक पडलं की ते पाण्यात येतं, म्हणून पाण्याचा नमुना काढून आयोडीन बघतात. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, आयोडीन-१३३ साधारण २१ तासांत. भोक बारीक असलं तर माल हळूहळू बाहेर येतो, तोवर १३३ बरंचसं संपलेलं असतं, म्हणजे १३३ चा वाटा चांगलाच दिसला तर समजायचं भोक मोठं आहे. सीझियम-१३४ आणि १३७ च्या प्रमाणावरून रॉड नवा की जुना याचा अंदाज येतो, कारण रॉड जितका जास्त वापरला जाईल तसं १३४ चं प्रमाण वाढत जातं. इतकं सगळं रॉड न बघता!

आपल्याकडच्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या रिॲक्टरमध्ये ३०६ चॅनल, म्हणजे रॉडची बंडलं ठेवलेल्या नळ्या, असतात, फुटलेल्या रॉडमधून आलेल्या मालातून थोडे उशिरा न्यूट्रॉन निघतात, ते प्रत्येक चॅनलच्या पाण्यात मोजून कोणत्या चॅनलमध्ये गडबड आहे ते पकडतात, आणि रिॲक्टर चालू असतानाच फ्युएलिंग मशीननं १९ रॉडचं ते बंडल बाहेर काढता येतं. चंद्रपूरसारखं युनिट बंद करायची गरज नाही. तारापूरच्या जुन्या दोन युनिटांसारख्या उकळत्या पाण्याच्या रिॲक्टरमध्ये मात्र बंद करूनच एकेक असेंब्ली, म्हणजे रॉडचा जुडगा, तपासावी लागते, तिच्यातून पाण्यात काही झिरपतं का ते बघतात, त्या तपासणीला सिपिंग म्हणतात.

कारण ठरवणं सगळ्यात किचकट. पहिल्या भोकातून पाणी आत गेलं की त्यातला हायड्रोजन नळीत मुरतो आणि नळी भलतीकडेच ठिसूळ होऊन फुटते, ते दुसरं भोक पहिल्यापेक्षा मोठं असू शकतं. डोळ्यात भरतं तेच, आणि तपासणारा तिथंच फसू शकतो. म्हणून रॉड आधी पाण्याखाली थंड करतात, मग ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी जाड काचेमागच्या हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणं बाहेर येऊ न देणाऱ्या बंद खोलीत, यांत्रिक हातांनी कापून बघतात. त्यामुळे रिपोर्ट यायला महिने लागतात, पुतण्याला म्हणावं घाई करू नको.