असेंब्लरचं प्रॅक्टिकल झाल्यावर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आता असेंब्लर, म्हणजे असेंब्ली भाषेतला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, कोण लिहितं, मग तिसऱ्या वर्षात तो आमच्या माथी का, असं तू विचारलंस. पुणे विद्यापीठाच्या एसपीओएस (सिस्टीम्स प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीम) या विषयात काल्पनिक मशीनसाठी जावात टू-पास (कोड दोनदा वाचणारा) असेंब्लर लिहायचा, सिम्बॉल टेबल (नावं आणि त्यांचे पत्ते) छापायचं, जर्नलवर सही घ्यायची, एवढ्यावरच थांबलीस तर तुझी तक्रार खरी आहे. म्हणून एक कर. 'नमस्कार' छापून ओळ संपवणारा पाच ओळींचा सी प्रोग्राम लिही आणि त्याचा तळापर्यंत पाठपुरावा कर. लिनक्सवरच.

आधी जीसीसी या सी कंपायलरकडून नुसती ऑब्जेक्ट फाइल (अजून न जोडलेला मशीन कोड) बनवून घे आणि तिच्यावर, तिच्यातली नावं दाखवणारं, एनएम चालव. 'मेन'पुढे टी (टेक्स्ट, म्हणजे याचा कोड इथेच आहे) दिसेल आणि पत्ता शून्य, म्हणजे तात्पुरता. तू प्रिंटएफ लिहिलेलं असलं तरी तिथे बहुधा पुट्स दिसेल, कारण साधी ओळ छापायची असेल तर जीसीसी परस्पर हलकं फंक्शन वापरतो. त्यापुढे यू, म्हणजे पत्ता माहीत नाही. असेंब्लरला पुढे येणाऱ्या लेबलचा पत्ता पहिल्या पासमध्ये ठाऊक नसतो, तीच ही अडचण, फक्त ती फाइलच्या बाहेर गेली आहे. लिंकर (फाइली जोडणारा) आणि लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा) हे दोन्ही धडे या 'यू'चं पुढे काय होतं तेच सांगतात.

मग एसट्रेसखाली प्रोग्राम चालव; प्रोग्रामच्या सिस्टीम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेल्या मागण्या, तो दाखवतो. सुरुवातीला प्रोग्राम सुरू करणारी एक्झेकव्हीई, मग सी लायब्ररी उघडून मेमरीत बसवण्याचा बराच खटाटोप, आणि शेवटाकडे तुझी एकच राइट कॉल.

आता छापण्याच्या ओळीनंतर फोर्क घाल, म्हणजे चालू प्रोसेसची दुसरी प्रत सुरू होईल. टर्मिनलवर 'नमस्कार' एकदाच येईल. आउटपुट फाइलमध्ये वळवलंस तर दोनदा! टर्मिनलवर ओळ संपताच बफर (मजकूर तात्पुरता साठवायची जागा) रिकामा होतो. फाइलकडे जाताना मजकूर प्रोसेसच्या मेमरीतच पडून राहतो, फोर्क त्या मेमरीची प्रत करतो, आणि संपताना दोघंही आपापला बफर ओततात. फोर्क मुलाला (नव्या प्रोसेसला) शून्य देतो आणि पालकाला मुलाचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक), हे तुला पाठ असेलच. पण मेमरीची प्रत म्हणजे नेमकं काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

पेज रिप्लेसमेंटची आणि शेड्युलिंगची गणितं परीक्षेपुरती हातानं सोडव. त्यात फार दिवस घालवू नकोस.

वेळ द्यायचा तो पुढच्या प्रयोगाला. फोर्क काढून टाक आणि आउटपुट '/डेव्ह/फुल'कडे वळव. लिहायला गेलं की 'जागा नाही' असंच सांगणारी ही लिनक्सची खास फाइल. एसट्रेसमध्ये राइट अपयशी झालेली दिसेल, प्रोग्रामकडून स्क्रीनवर एक अक्षर येणार नाही, आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) मात्र शून्य, म्हणजे सगळं ठीक! एक अक्षरही लिहिलं गेलं नाही आणि प्रोग्राम काम झाल्याचं सांगतो. हाच प्रोग्राम बँकेच्या नोंदी लिहीत असता तर? मला या विषयात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं: प्रत्येक सिस्टीम कॉल काय परत देते ते बघायची सवय. चांगल्या नोकरीतही ती कुणी शिकवेलच असं नाही.

तेव्हा तो प्रोग्राम असा दुरुस्त कर की लिहिणं फसलं तर एक्झिट कोड शून्य येणार नाही. प्रिंटएफची परतीची किंमत तपासून भागणार नाही, कारण खरी राइट नंतर होते, बफर लगेच ओतणाऱ्या एफफ्लशकडे बघ. जमलं की कोड पाठव, ओरलच्या आधी आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
सर