पैसे आगाऊ भरले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आजार आहे. कोल्हापुरातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांवर तो कित्येक वर्षं नोकरी करून नीट राहत होता. गेल्या वर्षी एका समुपदेशकाने १२ सत्रांचं पॅकेज २४,००० रुपयांना दिलं आणि ‘लिथियमची सवय लागते, हळूहळू बंद करा’ असा व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला. गोळ्या सुटल्या आणि दोन महिन्यांत दादा बिथरला. झोप नाही, वारेमाप खर्च, एकदा वडिलांवर हात उगारला. ओळखीच्या कुणी सुचवलं म्हणून वडिलांनी त्याला सातारा जिल्ह्यातल्या एका निवासी पुनर्वसन केंद्रात ठेवलं आणि तीन महिन्यांचे ६०,००० रुपये आगाऊ भरले. त्याला पाच आठवडे झाले. परवा पहिल्यांदा भेटू दिलं. डोकं भादरलेलं, मनगटांवर वळ. ‘रात्री बांधतात’ म्हणाला. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात. औषधं कोणती ते सांगत नाहीत, फाइल दाखवत नाहीत. करार तीन महिन्यांचा आहे, त्याआधी सोडणार नाही आणि पैसेही परत देणार नाही, असं म्हणतात. माझ्या नणंदेला हाच आजार आहे. ती सरकारी रुग्णालयात होती. तिथे रोज डॉक्टर बघायचे, सासूबाईंना जवळ राहू दिलं, सोडताना सगळे कागद हातात दिले. आजार एक, कायदा एक, मग वागणुकीत एवढा फरक कसा? दोघांवर तक्रार करता येईल का? आणि केली तर दादाचं नाव चव्हाट्यावर येईल का?
— एक बहीण, कोल्हापूर जिल्हा

ताई, तक्रारीचं नंतर बघू. आधी दादा त्या केंद्रात कोणत्या कलमाखाली दाखल आहे, हे शोधून काढा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रौढ माणसाला दाखल करून घ्यायच्या वाटा ठरवून देतो. रुग्ण स्वतःच्या मर्जीने दाखल झाला असेल (कलम ८६), तर त्याने ‘मला सोडा’ म्हटल्यावर सोडावं लागतं. धोका वाटला तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध, म्हणजे घरच्यांच्या अर्जावर दाखल केलं असेल, तर कलम ८९ लागू होतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. शिवाय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं. या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९०, आणि तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते.

दादाला पाच आठवडे झालेत. म्हणजे ३० दिवसांची मुदत उलटून गेली. केंद्राकडे कलम ९०चे कागद नसतील आणि दादा स्वतः राहायला तयार नसेल, तर त्याला तिथे ठेवायला कायद्याचा कसलाच आधार उरत नाही. वडिलांनी सही केलेला तीन महिन्यांचा करार हा पैशांचा करार आहे, त्याने माणूस अडकवता येत नाही. बिलाच्या वादावरून रुग्णाला थांबवून ठेवू नये, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही आहे. बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. केंद्राच्या व्यवस्थापकाला हे वाक्य लेखी गेलं की बोलण्याचा सूर बहुधा बदलतो.

पण त्याआधी एक काम करा, आणि ते मी आग्रहाने सांगते. दादाला बाहेर काढून थेट घरी नेऊ नका. तो अजून सावरलेला नसेल. पाच आठवडे कोणती औषधं चालली हे कुणालाच माहीत नाही, आणि त्याचे जुने डॉक्टर बाहेरगावी असले तर पहिल्याच रात्री तुम्ही पुन्हा कुठल्या तरी केंद्राचा फोन शोधाल. आधी जुन्या डॉक्टरांना भेटा. ते स्वतः बघणार की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवणार, ते ठरू द्या. खाट नक्की झाली की मगच गाडी काढा. मध्यंतरी रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि दादाला विचारा. तुमच्या पत्रात वडिलांनी काय केलं, तुम्ही काय करणार, हे आहे. दादाला काय हवंय ते कुठेच नाही. काळजीपोटी असं होतं, मी समजू शकते. पण या कायद्याच्या कलम ४ नुसार आजारी माणूसही स्वतःच्या उपचारांबद्दल निर्णय घेऊ शकतो, असंच धरून चालावं लागतं. पुढच्या भेटीत ‘तुला कुठे जायचंय?’ हे विचारा आणि त्याचं उत्तर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. मंडळासमोर त्या चिठ्ठीला माझ्या पानभर युक्तिवादाहून जास्त वजन असेल.

आता अर्ज. वडील नामनिर्देशित प्रतिनिधी (म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा माणूस) म्हणून वागले आहेत, तेव्हा अर्ज त्यांच्या आणि दादाच्या सहीने जाऊ दे. केंद्राकडे लेखी मागा : दाखल केल्याचं कलम, तपासणीचे अहवाल, चालू औषधांची यादी, बांधल्याच्या नोंदी आणि संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रं. कलम २२ प्रमाणे ही माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते, म्हणजे मराठीत मागायला संकोच नको. कलम २५ रुग्णाला स्वतःच्या नोंदींचा हक्क देतं. तिथे येणाऱ्या डॉक्टरांनाही २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, हातोहात दिला तर पोच घ्या. ‘फाइल अंतर्गत आहे’ असं काही कायद्यात नाही.

त्याच दिवशी दुसरा अर्ज मंडळाला. जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखालच्या या मंडळात मानसोपचारतज्ज्ञ असतो आणि स्वतः आजारातून गेलेल्यांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही जागा असते. अर्जाला फी नाही. कलम ८९ खालच्या दाखल करण्याला आव्हान दिलं तर ते ७ दिवसांत, कलम ९० खालच्याला दिलं तर २१ दिवसांत निकाली काढायचं असतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुम्हाला स्वतःला मिळेल. मंडळाकडून हालचाल झाली नाही आणि केंद्र अडूनच बसलं, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका करता येते. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

मनगटावरचे वळ. ताई, हे वाचून मी थांबले. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळताच आली नाहीत म्हणून मेली. साखळीला आज कलम ९५ ने पूर्ण बंदी आहे. कोंडून एकटं ठेवणंही कलम ९७ ने बंद आहे. हातपाय बांधायला परवानगी आहे ती फक्त तात्काळ इजेचा धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, अगदी गरजेपुरती वेळ, कारण आणि वेळ नोंदवून. शिक्षा म्हणून बांधता येत नाही, रात्रीला माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. आणि प्रत्येक वेळी नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं असतं. तुमच्या वडिलांना असा एकही फोन आला नसेल, तर हा भंग सिद्ध करायला तुम्हाला फार काही शोधावं लागणार नाही. डोकं जबरदस्तीने भादरायलाही कलम २० मध्ये स्पष्ट मनाई आहे. फोन आणि भेटींचा हक्क कलम २६ मध्ये आहे. दादा बाहेर आला की त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासून वळांची नोंद करून घ्या. आठवड्याने वळ पुसट होतात.

केंद्र नोंदणीकृत आहे का, हेही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे विचारा. नाव ‘पुनर्वसन’, ‘आश्रम’, ‘व्यसनमुक्ती’ काहीही असो, मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारांसाठी ठेवून घेत असतील तर नोंदणी लागते. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मनोविकारही याच व्याख्येत येतात. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या खेपेला ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, तिसऱ्या खेपेपासून तो पाच लाखांपर्यंत जातो.

आता समुपदेशक. इथे मात्र मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. मनाच्या आजारांसाठी पाटी लावून बसलेल्या सगळ्यांचा दर्जा कायद्याच्या नजरेत एक नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि महाराष्ट्रात त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या आणि मानसोपचार करतो, औषधं देत नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आज दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही लावतो. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते यांना नोंदणीच्या चौकटीत घेतलं, तरी तुमच्या-आमच्या गल्लीतल्या पाटीपर्यंत त्याचा हात पोहोचलेला मला दिसत नाही. चांगले समुपदेशक आहेत, मी स्वतः अशिलांना त्यांच्याकडे पाठवते. पण ते ‘गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणतात.

आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला कलम १०६ मनाई करतं, पण ते कलम मानसिक आरोग्य व्यावसायिक आणि डॉक्टर यांच्यापुरतं आहे. तुमचा समुपदेशक यांतला कुणीच नसेल, तर गंमत नव्हे, दुर्दैव असं की तो या कलमातून निसटतो. म्हणून आधी तो स्वतःला काय म्हणवतो ते बघा. पावतीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलंय आणि पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव नाही, तर त्या परिषदेच्या १९९२च्या कायद्याखाली तक्रार होते. नावामागे ‘डॉ.’ लावून औषधोपचार करत असेल आणि नोंदणी नसेल, तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ आहे. यांतलं काहीच नसलं तरी ग्राहक आयोग उरतोच, कारण त्याने पैसे घेऊन सेवा दिली.

ग्राहक आयोगात समुपदेशक आणि केंद्र दोघांवरही जाता येईल, पण तक्रारी वेगवेगळ्या करा. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच दाखल करता येते. केंद्राकडून न वापरलेल्या दिवसांचे पैसे आणि दादाला झालेल्या त्रासाची भरपाई मागा. समुपदेशकाच्या बाबतीत कठीण भाग आहे तो कारण जोडण्याचा. गोळ्या थांबल्यामुळेच आजार उलटला, हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि ते जुन्या डॉक्टरांच्या लेखी मताशिवाय होणार नाही. तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, मेसेज पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, एवढा फरक कसा. कलम १८ चांगल्या दर्जाच्या, परवडणाऱ्या सेवेचा हक्क देतं, पण सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेपुरता. खासगी ठिकाणी कायदा तळाची रेघ आखतो : नोंदणी, दाखल करण्याची रीत, बांधणं, कागद, सन्मान. त्या रेघेच्या वर कुणी किती मन लावून बघेल, यावर न्यायालय फारसं बोलत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की डॉक्टरकडून त्या व्यवसायातल्या सामान्य कुशल माणसाइतकीच अपेक्षा धरायची, सर्वोत्तमाइतकी नाही. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर तुम्हाला आवडणार नाही, पण तेवढ्याने तो दोषी ठरत नाही. नणंदेला मिळाली तशी वागणूक दादाला मिळाली नाही, एवढं म्हणून खटला उभा राहत नाही. दादाला बांधलं, भादरलं, मुदतीपलीकडे ठेवलं आणि कागद नाकारले, यावर राहतो. तक्रारीत तुलनेचे परिच्छेद घालू नका.

नावाची भीती साहजिक आहे. मंडळाची सुनावणी बंद दाराआड होते आणि रुग्णाची माहिती कलम २३ ने गोपनीय आहे. ग्राहक आयोगात आपोआप तसं होत नाही, तिथे नाव झाकण्याचा अर्ज सुरुवातीलाच करावा लागेल. पण मनगटांचे फोटो फेसबुकवर किंवा भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. त्याने दादाचीच गुप्तता मोडेल आणि समोरच्याला बदनामीची नोटीस काढायला निमित्त मिळेल.

दादा सावरल्यावर त्याला दोन कागद करायला सांगा. पुन्हा कधी आजार उसळला तर कुठे न्यायचं, काय करायचं नाही, हे सांगणारा आगाऊ निर्देश (कलम ५), आणि साध्या कागदावर सही करून नेमलेला नामनिर्देशित प्रतिनिधी (कलम १४). प्रतिनिधी कोण, हे त्याने ठरवायचं. तो तुम्हाला नेमेल किंवा वडिलांनाच नेमेल.

केंद्राला आणि मंडळाला द्यायचे दोन्ही अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या. केंद्राचं उत्तर आलं, किंवा ७२ तासांत काहीच आलं नाही, तरी मला कळवा. पावतीची आणि कराराची प्रत सोबत जोडा.