डिप्रेशनमुळे बायकोवर ओरडतो. दोष माझा की आजाराचा?

तुम्ही लिहिलंय की गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी चिडचिड थांबत नाही, आणि बायको काही बोलली की "मी आजारी आहे, समजून घे" एवढंच तोंडातून निघतं. माझंही असंच चाललं होतं.

२०२१ मध्ये वडील गेले. मला रडू आलं नाही, संताप यायचा. (चिडचिड हेही डिप्रेशनचं लक्षण असतं, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.) एका रात्री आईने न विचारता आणखी एक पोळी वाढली. मी ताट ढकललं. आमटी तिच्या पदरावर सांडली. ती काही न बोलता फडकं घेऊन फरशी पुसायला लागली. नवरा जाऊन तिलाही तेवढेच महिने झाले होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

डॉक्टरांना म्हटलं, माझा ताबाच राहत नाही. त्यांनी विचारलं, "साहेबांवर ओरडलात कधी?" नाही. ताट ढकललं त्याच दिवशी साहेबांनी चारचौघांत झापलं होतं आणि मी "हो सर" म्हणून खाली मान घातली होती. म्हणजे कुठे गप्प बसायचं, हे त्या अवस्थेतही मला बरोबर कळत होतं. संतापाचा दोष आजाराला द्या हवं तर. ताटाचा मला देता येईना.

आईची माफी मागायला गेलो, तीही फसली. "चुकलं, पण माझी अवस्था तुला माहितीये ना," म्हणालो आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. दोन दिवसांनी 'पण' गाळून पुन्हा मागितली. साडी मीच धुतली. हळदीचा डाग काही गेला नाही.

डोकं तापतंय असं वाटलं की मी "दहा मिनिटांत येतो" म्हणून जिना उतरायचो. सांगून जा, दार आपटून नको. गोळ्यांचा पुरता गुण यायला बरेचदा चार-सहा आठवडे जातात, मनाने बंद करू नका. पण त्या सुरू केल्यापासून चिडचिड वाढली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि बायको लगेच पूर्वीसारखी वागेल, असं धरून चालू नका. आई अजूनही पोळी वाढण्याआधी विचारते.