धंद्याचं एआयला विचारताना

प्रश्न : माझा कापडी पिशव्या शिवण्याचा छोटा धंदा आहे. 'नफा कसा वाढवू?' असं एआयला विचारलं. 'भाव उतरवा, जाहिरात वाढवा,' असं उत्तर आलं. तसं केलं. ऑर्डरी वाढल्या, पण हातात पैसा उरत नाही. असं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात धंद्याचा एकही आकडा नव्हता, त्यामुळे कोणत्याही दुकानाला चालेल असा सल्ला मिळाला. केनियात ६४० छोट्या उद्योजकांवर एक प्रयोग झाला. काहींना व्हॉट्सअ‍ॅपवर एआय सल्लागार दिला होता. सरासरी काढली तर फरक शून्याच्या आसपास. पण आधीच बरं चाललेल्यांचा धंदा सुमारे १५ टक्क्यांनी सुधारला आणि रखडलेल्यांचा आणखी खालावला.

आधी खर्च मांडा. समजा, १०० पिशव्यांना कापड-दोरा ६,०००, शिलाई २,५००, भाडं-वीज ५००. एकूण ९,०००, म्हणजे नग ९० ला पडला असं वाटतं. त्यातल्या १० खराब निघाल्या की विकायला ९०च उरतात आणि नग १०० ला पडतो. खराब मालाचं हे प्रमाण तुम्ही सांगितल्याशिवाय एआयला कळायचं नाही.

दुसरी गोम टक्केवारीत आहे. नुसतं '२० टक्के नफा' म्हटलंत तर ते खर्चावर धरून भाव १२० काढू शकतं. विक्रीवर २० टक्के हवा असेल, तर भाव १२५ येतो. कोणता हवा ते स्पष्ट लिहा.

मग विचारा : 'भाव १२५ वरून ११५ केला, तर एकूण नफा तेवढाच राहायला किती नग विकावे लागतील? आकडेमोड पायरीपायरीने दाखव.' नगामागचा नफा २५ वरून १५ वर येतो. म्हणजे ९० नगांऐवजी ढोबळमानाने १५० विकायला हवेत. भाव उतरला जेमतेम ८ टक्के, विक्री मात्र ६७ टक्के वाढायला हवी! तुमचा पैसा बहुधा इथेच अडकलाय. माल उधारीवर जात असेल तर चणचण आणखी.

बोलून लिहवत असाल तर 'पावणेदोनशे'सारखे आकडे चुकीचे उतरू शकतात. ते हातानेच टाका.

प्रश्न : नवीन मुलांना ग्राहकांच्या तक्रारी हाताळायला एआय शिकवेल का?

उत्तर : हो, पण त्याला तुमचा मसाला पुरवावा लागेल. पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या, त्यातले बरेचसे फिलिपिन्समधले, एका अभ्यासात एआय प्रणाली मदतीला दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. नवख्यांची वाढ त्याच्या जवळपास दुप्पट होती, मुरलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. ती प्रणाली कसलेल्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरून शिकली होती.

तेव्हा तुमच्याकडच्या सर्वांत जाणत्या माणसाची ३०-४० उत्तरं जमवा, ती एआयला द्या आणि त्याला चिडलेला ग्राहक व्हायला सांगा. मुलाने आधी स्वतः उत्तर द्यावं, नमुना नंतर पाहावा. उलट केलं की नुसती नक्कल होते. आठवड्यातून एकदा एआयशिवाय तोंडी घ्या. आणि खऱ्या तक्रारी टाकण्याआधी ग्राहकांची नावं, फोन नंबर खोडायला विसरू नका.