आकडा राहू दे, ते वाक्य मागे घे

मावशी,
मी ३६ वर्षांचा आहे. माझ्या काकांनी फेसबुकवर एक राजकीय पोस्ट शेअर केली, त्यातला आकडा सरळसरळ खोटा होता. मी खाली लिंकसकट दुरुस्ती टाकली. काका म्हणाले, तुम्हा लोकांना फक्त एकच बाजू दिसते. मग दोन दिवस जुंपली, माझ्या एकट्याच्या १४ कमेंट झाल्या. शेवटी मी लिहिलं, "रिटायर झाल्यावर वाचन थांबलं आणि फॉरवर्ड सुरू झाले की माणसाचं असं होतं." त्यावर ४६ जणांनी हसणारी इमोजी टाकली. काकांनी पोस्ट उडवली, फॅमिली ग्रुप सोडला, तीन महिने झाले माझा फोन घेत नाहीत. शाळेत असताना वादविवाद स्पर्धेसाठी मला ह्याच काकांनी तयार केलं होतं, दोन्ही बाजूंची भाषणं लिहून घ्यायचे माझ्याकडून. आई म्हणते माफी माग. पण मी बरोबर होतो ना! बरोबर असून माफी मागायची, आणि यापुढे खोटं दिसलं तरी गप्प बसायचं? बायको म्हणते अ‍ॅपच काढून टाक. काय करू?
— बरोबर असूनही एकटा

अरे बरोबर असूनही एकटा,

तुझं मूळ पत्र याच्या चौपट मोठं होतं, मी कापलंय, आणि पक्ष कुठला, आकडा कशाचा हे मुद्दाम काढून टाकलंय, कारण ते ठेवलं असतं तर अर्ध्या वाचकांनी पहिल्याच ओळीत तुला हिरो केलं असतं, उरलेल्यांनी काकांना, आणि पुढचं कुणी वाचलंच नसतं. तो आकडा मी स्वतः तपासून बघितला. तू बरोबर आहेस. काका चुकले. झालं समाधान? आता बोलूया.

मला एक सांग, त्या १४ कमेंट तू कुणासाठी लिहिल्यास? पहिली काकांसाठी होती, मान्य. दुसरी पण असेल. पण नंतरच्या? हसणारे ४६ होते हे तुला तीन महिन्यांनी तोंडपाठ आहे, आणि त्या वाक्यानंतर काका काय म्हणाले, काही म्हणाले की नाही, हे चार पानांच्या पत्रात कुठेच नाहीये. मी दोनदा शोधलं. म्हणजे कुठेतरी मध्येच काका समोरून उठून गेले रे, आणि त्यांच्या जागी प्रेक्षक येऊन बसले, आणि तू त्यांच्यासाठी बोलायला लागलास. यात तू काही जगावेगळं केलं नाहीस, आपण सगळेच करतो, नाव एकाचं टॅग करायचं आणि बोलायचं गर्दीशी. पण मग गर्दीला आवडेल तेच वाक्य तोंडातून निघतं, आणि गर्दीला आकडा आवडत नाही, तिला चपराक आवडते. तुझ्या लिंकवाल्या पहिल्या कमेंटला किती लाइक होते ते लिहिलं नाहीस. मी पैज लावते, ४६ नव्हते.

आणि हे नुसतं माणसाच्या स्वभावाचं नाहीये, खाली मशीन पण तसंच लावलेलं असतं. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या हिशोबात रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला कळलं. नंतर ते वजन त्यांनी कमी करत करत काढूनच टाकलं, पण मूळ तत्त्व तेच राहिलं, ज्या पोस्टखाली हालचाल जास्त ती पोस्ट जास्त लोकांना दाखवायची, हालचाल कौतुकाची आहे की भांडणाची याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे बघ गंमत, तो खोटा आकडा काकांच्या ओळखीतल्या वीस-पंचवीस जणांनी बघितला असता आणि विसरले असते, तू १४ वेळा तिथे जाऊन दार वाजवलंस म्हणून तो कुठे कुठे पोचला असेल. खोट्याचा प्रसार थांबवायला गेलेला माणूस त्याचाच प्रचारप्रमुख झाला!

माझं पण सांगते, नाहीतर तुला वाटेल मावशी उंचावर बसून प्रवचन देतेय. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपवर एका गृहस्थांनी इतकं संतापजनक काहीतरी लिहिलं की मी रात्री साडेबारा ते पावणेदोन बसून त्यांचा मुद्देसूद समाचार घेतला. सकाळी उठून बघते तर लोक हसतायत. त्या गृहस्थांनी उपरोधाने लिहिलं होतं. ते माझ्याच मताचे होते! सव्वा तास मी माझ्याच बाजूच्या माणसाला झोडपत होते. आता याला तू मूर्खपणा म्हण, पण २००५ मध्ये जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यावर प्रयोग केलेत, लोकांना ईमेलवर काही वाक्यं सरळ आणि काही उपरोधाने लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा समोरच्याला आपला सूर कळेल, प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं तरी ५० येतात. तेव्हा तुझ्या ज्या वाक्यांना तू पत्रात "मी तर गमतीत लिहिलं होतं" असं म्हणतोस (हो, तो भाग पण मी कापला), ती गंमत काकांपर्यंत पोचली असेल ही आशा सोड.

आता तुझा मुख्य प्रश्न, गप्प बसायचं का. नाही. अजिबात नाही. हल्ली एक फॅशन आलीये असं म्हणायची की पुरावे दाखवून काही उपयोग नसतो, उलट माणूस आणखी हट्टाला पेटतो. २०१० च्या एका अभ्यासातून ही गोष्ट पसरली आणि सगळ्यांना इतकी आवडली की पुढचं कुणी वाचलंच नाही. पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी दहा हजारांवर लोकांना घेऊन ५२ विषयांवर हेच तपासलं, २०१९ मध्ये छापून आलं, आणि तो उलटा परिणाम त्यांना जवळजवळ कुठेच दिसला नाही. खरा आकडा दाखवला की लोक थोडेफार का होईना खऱ्याकडे सरकतात. पक्ष बदलत नाहीत हां, मत तिथेच राहतं, पण आकडा दुरुस्त होतो. माझ्या मते (हे माझं मत, अभ्यासाचं नाही) माणूस हट्टाला पेटतो तो पुराव्यामुळे नाही, चारचौघांत तोंडावर पडल्यामुळे. काकांना तुझी लिंक झोंबली नाही. झोंबली ती त्यांची मेहुणी, त्यांचे ऑफिसातले जुने लोक आणि त्यांनी ज्याला बोलायला शिकवलं तो पुतण्या, सगळे एका जागी हसताना दिसले ती गोष्ट.

म्हणून यापुढे लिहायच्या आधी एकच ठरव, मी कुणाशी बोलतोय. वाचणाऱ्यांशी बोलायचं असेल तर वाचणाऱ्यांसाठीच लिही, चोरून नाही. त्याचा उपयोग होतो, लेटिसिया बोडे आणि एमिली व्रागा या दोघींनी हेच तपासलंय, कमेंटमधली दुरुस्ती ज्याच्यासाठी असते त्याचं सोड, नुसत्या वाचून पुढे जाणाऱ्यांच्या डोक्यात पण ती जाते, विशेषतः सोबत भरवशाचा सोर्स दिला असेल तर. पण त्यासाठी एक कमेंट पुरते. खरा आकडा आधी लिही, कुठून घेतला ते लिही, खोटा आकडा परत परत उगाळू नको, आणि विशेषणं नकोत. मग निघून जा. समोरून कुणी "तुम्हा लोकांना" असं सुरू केलं तरी परत फिरून यायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, मला पण दहातले सहाच वेळा जमतं. शेवटचं वाक्य समोरच्याचं राहिलं तर राहू दे, वाचणाऱ्याला कळतं. आणि ते घरचं माणूस असेल तर त्यांच्या पोस्टखाली नकोच, आधी त्यांना एकट्याला पाठव. काका, हा आकडा मला वेगळा सापडला, बघता का. बरेच जण स्वतःहून पोस्ट काढतात, कुणी बघत नसेल तर.

फॉरवर्डचं पण तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजवर डबल बाण दिसला म्हणजे तो हातोहात फिरत आलाय, एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. तो काकांनी लिहिलेला नसतो. तू त्यांच्याशी भांडतोस जणू त्यांनी रात्र जागून लिहिला. त्यापेक्षा नुसतं विचार, हे कुठून आलं? आणि खरंच विचार, पकडण्यासाठी नको.

जिथे कुणी धमक्या देतंय, शिव्या घालतंय, कुणाला मारा-ठोका म्हणतंय तिथे वाद घालू नको. रिपोर्ट, ब्लॉक, विषय संपला. काका त्यातले नाहीत हे तुझ्याच पत्रावरून दिसतंय.

आता माफी. आई बरोबर आहे आणि तू पण बरोबर आहेस, कारण तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. आईला ते वाक्य दिसतंय, तुला आकडा. आकडा मागे घेऊ नको, घेतलास तर ते खोटं होईल आणि काकांना पण कळेल की पोरगं नुसतं समजूत काढतंय. ते वाक्य मागे घे. रिटायर, वाचन थांबलं, माणसाचं असं होतं, यातला एक तरी शब्द त्या आकड्याबद्दल होता का? तो माणसाबद्दल होता. तिथे तू बरोबर नव्हतास.

फोन घेत नाहीत ना, मग जा. जायला जमत नसेल तर हाताने चिठ्ठी लिही, टाइप केलेली नको, स्क्रीनवरचं काही त्यांना सध्या तुझ्याकडून नकोच असणार. काय लिहायचं ते तुझं तू ठरव पण एवढं बघ की "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हे येता कामा नये, वाटलंय, तर कुठला? आणि "पण" येता कामा नये. "काका, मी तुमच्या वाचनाबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं आणि चारचौघांत लिहिलं ते जास्त वाईट. मला ते ४६ जण हसलेले आवडले, याची मला लाज वाटते." इतकं पुरे. दुसरं वाक्य लिहिताना हात थांबेल. तेच लिही. आणि हसणाऱ्यांत घरचे जितके होते त्यांच्या ग्रुपवर पण दोन ओळी टाक की ते माझं चुकलं, कारण अपमान जाहीर आणि माफी खाजगी असं चालत नाही. तिथे आकड्याचा विषय काढू नको, काढलास तर परत सुरू होईल.

बोलायला लागले तर लगेच राजकारणावर येऊ नको. आले तर त्यांनीच येऊ देत. आणि आले की आधी ऐक. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी अमेरिकेत घरोघरी जाऊन केलेल्या संभाषणांवर अभ्यास छापला, साधारण दहा मिनिटांची बोलणी, त्यात वाद घालायचा नव्हता, समोरच्याला स्वतःचा अनुभव आठवायला लावायचा आणि आपला सांगायचा, आणि त्याने लोकांच्या मनातला पूर्वग्रह कमी झाला, तो परिणाम तीन महिन्यांनंतर पण टिकलेला दिसला. तुझ्या १४ कमेंटना दोन दिवस लागले होते.

आणि एक गृहपाठ देते, जायच्या आधी कर. काका तुझ्याकडून दोन्ही बाजूंची भाषणं लिहून घ्यायचे ना? मग त्यांच्या बाजूचं भाषण लिही. पानभर. खोटा आकडा वापरायचा नाही, चिमटे नाहीत, त्यांनी वाचलं तर म्हणायला पाहिजेत की हो, मला हेच म्हणायचं होतं, माझ्यापेक्षा बरं मांडलंस. तुला जमलं नाही तर समज की तू दोन दिवस ज्याच्याशी भांडलास ते मत तुला अजून कळलेलंच नाही. जमलं तर ते पान घेऊन जा. हवं तर त्यांनाच दे, तपासायला. लाल पेन त्यांच्याकडे असेलच अजून.

अ‍ॅप काढायचं का? काढून बघ महिनाभर, पण मला नाही वाटत त्याने काही होईल, तू ब्राउझरमधून बघशील आणि बायकोला सांगणार नाहीस, मग ते एक वेगळंच पत्र मला येईल. त्यापेक्षा नोटिफिकेशन बंद कर, आणि रात्री अकरानंतर कमेंट लिहिलीच तर ती नोट्समध्ये लिही, सकाळी चिकटव. माझ्या नोट्समध्ये अशा सत्तावीस पडल्यात. चिकटवल्यात दोन.

— मावशी