रडार आहे म्हणून धुक्याची भीती नाही?

चिपळूणहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावीला असून पीसीएममध्ये ६८ टक्के आहेत. त्याला मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर, म्हणजे जहाज हाकणारा अधिकारी, करायचं घरात ठरलंय. मुलगा ‘आमच्या शब्दाबाहेर नाही’. आईला धुक्यात जहाजं धडकतात याची धास्ती आहे, ‘पण हल्ली रडार-जीपीएसवर सगळं आपोआप होतं, तेवढं तिला समजावून सांगा’. एक एजंट काही लाखांत जहाजावर लावून देतो म्हणतोय.

नमस्कार. गुणांची काळजी नको. आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी, पुढे डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नॉटिकल सायन्स, हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. एवढ्या मोठ्या पत्रात मुलाला काय हवंय, हे एकदाही आलेलं नाही.

आधी रडारचं. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेतल्या नँटकेटजवळ ‘आंद्रेया डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही जहाजं धडकली. दोघांकडे रडार होतं, दोघांनी एकमेकांना पडद्यावर पाहिलंही होतं. तरी समोरासमोर येताना एक आपल्या डावीकडे वळलं, दुसरं आपल्या उजवीकडे, म्हणजे दोन्ही एकाच बाजूला, आणि टक्कर झाली. लाकडी होडी आजही रडारवर नीट उमटत नाही, जोराच्या पावसात तर पडदाच भरून जातो. म्हणून नियमाने धुक्यात अजूनही भोंगा ठेवलाय. चालत्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यायचा, चार ते सहा सेकंदांचा. इंजिन थांबवून पाण्यात नुसतं उभं असेल तर दोन लांब. एक लांब आणि दोन आखूड ऐकू आले तर समोर मासेमारी बोट असू शकते, दुसऱ्याला ओढून नेणारा टग असू शकतो, शिडाची नौकाही असू शकते. त्यात धुक्यात आवाजाची दिशा फसवी. पुढून भोंगा आला आणि टकरीचा धोका नाही अशी खात्री नसली, की जहाज जेमतेम सुकाणू धरील इतका वेग उतरवायचा, गरज पडल्यास पूर्ण थांबवायचं. धुक्यात ‘माझा हक्क, तू बाजूला हो’ हा प्रकारच नाही.

हे कोण करतं? रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) उभा असलेला बावीस-तेवीस वर्षांचा थर्ड ऑफिसर. बंदर गाठायची घाई असते, कॅप्टन झोपलेला असतो. कॅप्टनला उठवायचं, आणि तो येईपर्यंत वाट न बघता स्वतः भोंगा द्यायचा, वेग कमी करायचा. तसा त्याला अधिकार आहे आणि ती त्याची जबाबदारीही आहे. वडिलांसमोर ‘मला हे नको’ म्हणायची ज्याला कधी सवयच लागू दिली नाही, त्या मुलाकडून तुम्ही तिथे हे अपेक्षिताय. त्याच्या ज्या गुणाचं तुम्ही कौतुक करताय, तोच ब्रिजवर माणसांच्या जिवावर बेतू शकतो. हे कठोर वाटेल, पण मी जाणूनबुजून लिहितोय.

आईची समजूत मी घालणार नाही. त्यांची भीती तुमच्या खात्रीपेक्षा खरी आहे.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. फी भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर डेकचा विषयच संपतो. आणि तपासणीला जाण्याआधी मुलाला मला एकट्याला लिहू द्या. समुद्र नको म्हणाला तरी पत्र अडवू नका. त्याला काय करायचंय, त्यावर मग आपण तिघं बोलू.